जिप्सीला बाहेरचे पाटे बसवताना

मारुती जिप्सी १९८५ साली भारतात आली आणि २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन थांबेपर्यंत तिची मूळ रचना तशीच राहिली. शिडीच्या आकाराची चासी (गाडीचा पोलादी सांगाडा), पुढे आणि मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा), आणि चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. मधल्या काळात ९७० सीसीचे इंजिन जाऊन १३०० चे आले, कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय (पेट्रोल फवारून देणारी यंत्रणा) आले, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर वाढले, पण पाटे कायम राहिले. माझी जिप्सी १३०० सीसीची आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी गाडी तयार करताना मागच्या उजव्या जुडीतल्या (एका चाकाच्या एकत्र बांधलेल्या पाट्यांतल्या) दुसऱ्या पाट्याला, जुडी मध्यभागी एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ, चीर गेलेली मिस्त्रींना दिसली. तो पाटा त्या वेळी बदलून घेतला आणि नूतनीकरण झाले. मात्र चारही जुड्या बसलेल्या होत्या, कमान जवळजवळ उरली नव्हती, आणि गगनबावड्याकडच्या शेतावर जाताना प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल चासीखालच्या रबरी अडसरावर, म्हणजे बंप स्टॉपवर, आदळत असे. चारही जुड्या बदलणे भाग होते.

कोल्हापुरात पाटेवाल्यांची कमतरता नाही. जुने पाटे ठोकून त्यांची कमान वाढवून देणे, जुडीत एखादा जादा पाटा टाकणे, ही कामे ते ट्रकसाठी रोज करतात. मी तो मार्ग घेतला नाही. पाटा तापवून त्याला कमान दिली आणि नंतर तो पुन्हा नीट पाण्यावर घेऊन टेंपर केला नाही, तर पोलादाचा लवचिकपणा जातो आणि काही महिन्यांत पाटा पुन्हा सपाट होतो. नुसता थंड ठोकला तरी कमान फार टिकत नाही. जादा पाटा टाकला तर गाडी उचलली जाते, पण आधीच कडक असलेली जिप्सी आणखी कडक होते. कंपनीच्या मूळ जुड्या कधी मिळत, कधी मिळत नसत. मागच्या मिळाल्या तर पुढच्या नसत. म्हणून शेवटी एका खासगी उत्पादकाचे पॅराबोलिक पाट्यांचे किट मागवायचे ठरले.

साध्या जुडीत एकसारख्या जाडीचे अनेक पाटे एकमेकांवर पूर्ण लांबीभर टेकलेले असतात आणि गाडी वरखाली होताना ते एकमेकांवर घासतात. त्या घर्षणामुळे छोट्या खड्ड्यांचे धक्के पाटे वाकून झेलत नाहीत, ते थेट चासीत जातात. पॅराबोलिक जुडीत पाटे दोन-तीनच असतात. प्रत्येक पाटा मध्यभागी जाड आणि टोकांकडे निमुळता होत गेलेला असतो, आणि ते एकमेकांना फक्त मध्यभागी व टोकांशी टेकतात. घर्षण कमी झाल्याने गाडी मऊ चालते, पण त्याच कारणाने हेलकावे शमवण्याचे सगळे काम शॉकॅबवर (शॉक ॲब्सॉर्बरवर) येते. हे तत्त्व चांगले आहे आणि आजही त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढे जे लिहीत आहे ते तत्त्वाबद्दल नसून खोक्यातून निघालेल्या लोखंडाबद्दल आहे.

किटमध्ये चार जुड्या, पीयू (पॉलियुरेथेनचे) बुश आणि त्यांच्या आतल्या पोलादी नळ्या, मूळपेक्षा लांब शॅकल (पाट्याचे एक टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या), यू-बोल्ट आणि चार शॉकॅब होते. ‘सर्व जिप्सींना कोणताही बदल न करता थेट बसते’ असे सोबतच्या कागदावर छापलेले होते. माझे आयुष्य एका फाउंड्रीच्या तपासणी विभागात गेले आहे. नवा भाग आला की त्यावर काय छापले आहे ते बाजूला ठेवून आधी जुन्याशी आणि मग त्याच्याच जोडीदाराशी ताडून पाहायचे, ही आमची रोजची रीत. मिस्त्रीही त्याच मताचे आहेत. उद्यमनगरात त्यांचे छोटे गॅरेज आहे, आणि गेली अनेक वर्षे माझी गाडी तिथेच जाते. आम्ही जुन्या मागच्या जुड्या उतरवल्या, धुतल्या आणि नव्यांच्या शेजारी जमिनीवर मांडल्या.

वाकलेल्या पाट्यावर टेप धरून मोजलेले माप विश्वासाचे नसते, कारण टेप कुठे पोट काढते आणि कुठे ताणली जाते हे हातावर अवलंबून असते. त्याऐवजी आम्ही वेगळी रीत वापरली. दोन्ही जुड्या कडेवर उभ्या करून शेजारी-शेजारी ठेवायच्या, त्यांच्या न हलणाऱ्या टोकाच्या डोळ्यांतून (पाट्याचे टोक वळवून केलेल्या गोल कड्यांतून) एकच सरळ सळई आरपार घालायची, आणि मग मध्यभागी सेंटर बोल्टची डोकी एका ओळीत येतात का ते गुण्या लावून पाहायचे. सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात जाऊन बसते. ॲक्सल गाडीखाली पुढे-मागे नेमका कुठे राहील, हे तेवढे एक डोके ठरवते. जुन्या दोन्ही जुड्यांची डोकी, इतकी वर्षे मार खाऊनही, गुण्याच्या कडेला बरोबर लागली. नव्यांमध्ये डाव्या जुडीचे डोके गुण्याला टेकले, तेव्हा उजवीचे सहा मिलिमीटर पुढे होते. सळई फिरवून, जुड्यांची अदलाबदल करून पुन्हा पाहिले, तरी फरक तोच राहिला. दोन्ही टोकांच्या डोळ्यांमध्ये दोरी ताणून कमानीची उंचीही पाहिली. मागच्या जोडीत ती जवळजवळ सारखी होती. पुढच्या जोडीत चार मिलिमीटरचा फरक होता. तेवढा फरक पुढे चालवून घेता येतो, कारण जास्त कमानीची जुडी चालकाच्या बाजूला घातली की गाडी सरळ उभी राहते. सेंटर बोल्टच्या भोकाला मात्र अशी पळवाट नसते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्यांचे उत्तर नम्र होते, पण मला ते पटणारे नव्हते. एवढा फरक चालतो, जुडी गाडीला लावल्यावर वजनाने सगळे जुळून येते, आधी लावून तर पाहा, असे त्यांचे म्हणणे होते. वजनाने कमान सपाट होते हे खरे, पण भोक जिथे पाडले आहे तिथेच राहते. तरीही लावून दाखवल्याशिवाय जुडी बदलून मिळणार नाही हे स्पष्ट झाल्यावर आम्ही मागच्या दोन्ही नव्या जुड्या तात्पुरत्या चढवल्या, गाडी चाकांवर उतरवली, पुढे-मागे ढकलून बसू दिली आणि गॅरेजच्या शहाबादी फरशीवर ओळंबा सोडला.

ही तपासणी ज्याला करायची असेल त्याने ती स्वतःच्या घरासमोरही करावी इतकी ती सोपी आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. स्टिअरिंग अगदी सरळ ठेवायचे. चारही चाकांच्या हबच्या मध्यबिंदूवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने बारीक खूण करायची. ओळंब्याचे टोक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची, वारा असेल तर दार लावायचे. चासीवर दोन्ही बाजूंना कारखान्यात पाडलेली एकसारखी भोके असतात, त्यांच्याही खुणा करायच्या. मग गाडी ढकलून बाजूला काढायची आणि खुणांमधली अंतरे मोजायची: डावीकडचे पुढचे चाक ते मागचे चाक, उजवीकडचे तसेच, आणि चासीच्या खुणांपासून मागच्या चाकांपर्यंतचे दोन्ही कर्ण. जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, २३७५ मिलिमीटर आहे. डावीकडे आमचे माप त्यापासून एका मिलिमीटरच्या आत आले. उजवीकडे ते सहा मिलिमीटरने कमी आले, आणि कर्णांमध्येही तसाच फरक होता. चासीच्या आपापसातल्या खुणांचे कर्ण मात्र समान होते, म्हणजे चासी सरळ होती आणि ॲक्सल तिरका होता. मागचा ॲक्सल असा तिरका बसला की गाडी रस्त्यावर किंचित कडेने चालते, सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग सतत थोडे वळवून धरावे लागते आणि टायर एका बाजूने झिजतात. मागच्या अखंड ॲक्सलला जुळवणीची सोयच नसल्याने व्हील अलाइनमेंटच्या दुकानात यावर काहीही इलाज होत नाही. तिथे फार तर पुढची चाके मागच्या तिरकेपणाशी जुळवून देतील.

फरशीवरच्या खडूच्या खुणांवर पट्टी ठेवून काढलेले फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने वाद घातला नाही. उजवी जुडी परत नेली आणि काही दिवसांनी दुसरी पाठवली. सळईच्या कसोटीला ती उतरली. भोक पाडताना मुख्य पाटा साच्यात उलट टोकाने धरला गेला असावा, असा माझा अंदाज आहे, कारण बाकी जुडीत खोट नव्हती. पण तो अंदाजच. कारखान्यात काय घडले ते मी पाहिलेले नाही.

पीयू बुशांनी त्याहून अधिक वेळ घेतला. पाट्याच्या डोळ्यात दोन्ही बाजूंनी बुशचे अर्धे भाग बसतात, त्यांच्या आत पोलादी नळी जाते आणि नळीतून शॅकलचा बोल्ट. बोल्ट आवळला की शॅकलच्या दोन पट्ट्यांनी नळीच्या दोन्ही टोकांना घट्ट धरायचे असते आणि बुशने नळीभोवती मोकळे फिरायचे असते. म्हणून नळी दोन्ही बुशांच्या एकूण रुंदीपेक्षा केसभर लांब हवी. किटमधल्या काही नळ्या उलट एक मिलिमीटरहून जास्त आखूड होत्या. अशी नळी घालून बोल्ट आवळला की पट्ट्या बुशच्या कडांना चिमटतात, शॅकल झुलत नाही, आणि पाटा दाबला गेल्यावर लांब व्हायला जागा न मिळाल्याने तो मधूनच वाकायला लागतो. गाडी कडक लागते आणि मालक पाट्यांना दोष देतो. गॅरेजच्या बाकावर आम्ही एक डोळा, बुश, नळी आणि शॅकल जुळवून बोल्ट आवळून पाहिला, तेव्हा शॅकल हाताने हललाच नाही. किटची नळी काढून तिथे बुशांच्या एकूण रुंदीपेक्षा तीन दशांश मिलिमीटर लांब नळी घातल्यावर तोच शॅकल बोटाने ढकलला तरी झुलू लागला. जुडीच्या दोन टोकांना लागतील तेवढ्या नव्या नळ्या शेजारच्या लेथवाल्यांनी अखंड ट्यूबमधून कापून, दोन्ही तोंडे फेस करून दिल्या. हा खर्च किटच्या किमतीपुढे नगण्य होता, पण तो ग्राहकाने करायचा नसतो एवढे नोंदवून ठेवतो.

शॅकलचे बोल्टही पाहावे लागले. जपानी बनावटीच्या गाड्यांत बारीक आटे वापरतात. १२ मिलिमीटरच्या बोल्टला १.२५ मिलिमीटर पिच (दोन आट्यांमधले अंतर) असतो, तर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या त्याच जाडीच्या बोल्टचा पिच १.७५ असतो. किटमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले होते. जोडीने आलेला नट त्या-त्या बोल्टला नीट जात होता, त्यामुळे यात तसा धोका नव्हता. पण पुढे कधी रस्त्यात नट हरवला तर जुना कंपनीचा नट तिथे दाबून चढवण्याचा मोह होतो आणि आटे जातात. आम्ही सगळे बोल्ट बारीक आट्यांचे आणि डोक्यावर १०.९ हा मजबुतीचा दर्जा कोरलेले घेतले.

आता यू-बोल्ट. जिप्सीत जुडी ॲक्सलच्या खाली असते. यू-बोल्ट ॲक्सलवरून खाली येतो, जुडीच्या दोन्ही बाजूंनी उतरतो आणि खालच्या जाड पट्टीतून निघाल्यावर त्याला नट लागतात. हे चार नट ॲक्सल आणि पाटा यांना एकत्र धरतात, आणि सेंटर बोल्टचे डोके भोकात टिकून राहते ते याच पकडीमुळे. मिस्त्रींनी पुढच्या डाव्या बाजूचे नट टॉर्क पान्याने आवळले. पाना ठरलेल्या आकड्यावर ‘टक’ वाजला. त्यांनी हातोडीच्या दांड्याने पाट्याला हलकेच टिचकी मारून आवाज ऐकला, कान टवकारले आणि म्हणाले, “सर, टॉर्क लागलाय, खरं पाटा धरलेला नाही.” मी खाली वाकून पाहिले. नट आट्यांच्या शेवटाशी जाऊन बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला अडला होता. नव्या जुडीची मध्यभागची जाडी जुन्या जुडीपेक्षा कमी होती, पण यू-बोल्ट मात्र जुन्या जाडीच्या हिशेबाने आटे पाडलेले होते. पान्याला मिळालेला सगळा विरोध दांड्याचा होता, जुडीचा नव्हता. पट्टी आणि पाटा यांच्यामध्ये फीलर गेजचे (बारीक फट मोजण्याच्या साधनाचे) पाते सरळ आत गेले. अशी गाडी रस्त्यावर गेली असती तर काही दिवसांत सेंटर बोल्ट कापला गेला असता आणि ब्रेक दाबल्यावर ॲक्सल पाट्यावरून सरकला असता. घाटात ते घडले असते तर काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो. संपूर्ण कामात मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट ही, आणि तीच डोळ्यांना सर्वांत कमी दिसणारी होती.

किटचे यू-बोल्ट बाजूला ठेवून आम्ही नवे करून घेतले. आतला वळसा ॲक्सलच्या नळीच्या व्यासाला पूर्ण टेकेल असा, आणि आटे पंचवीस मिलिमीटर जास्त वरपर्यंत. जुन्या दांड्यावर डाय फिरवून आटे वाढवण्याचा सल्ला एकाने दिला होता, तो आम्ही मानला नाही; यू-बोल्ट आवळताना ताणला जातो, त्यामुळे एकदा वापरलेला पुन्हा वापरायचा नाही हेच योग्य. नव्यांवर नट आवळल्यावर खाली आटे शिल्लक दिसले आणि फीलरचे सर्वांत पातळ पातेही आत गेले नाही.

शॅकल आणि डोळ्यांचे बोल्ट या टप्प्यावर आम्ही हाताने लागतील तेवढेच लावले होते. गाडी घोडीवर असताना ॲक्सल लोंबकळत असतो, म्हणून अंतिम आवळणी गाडी चाकांवर उभी करून, पुढच्या सीटवर माणसे बसवूनच करायची. रबरी बुश असतील तर हे पाळणे सक्तीचेच आहे, कारण लोंबकळत्या अवस्थेत आवळलेले रबर गाडी खाली येताच पिळले जाते आणि कायम पिळलेले राहून लवकर फाटते. पीयू बुश नळीवर मोकळे फिरतात म्हणून त्यांना तेवढा फरक पडत नाही, तरी आम्ही क्रम तोच ठेवला.

मागचा भाग पूर्ण झाल्यावर पुढच्या शॅकलचा प्रश्न उरला. बहुतेक लोक लांब शॅकल पाहून खूश होतात, कारण गाडी उंच दिसते. शॅकल जितका लांब केला त्याच्या साधारण निम्मी उंची ॲक्सलपाशी मिळते. पण जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे आणि मागचे टोक चासीला पक्के आहे. पुढचे टोक खाली गेले की सबंध ॲक्सल पुढे कलतो, किंगपिनचे (चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते तिचे) वरचे टोक पुढे येते आणि कॅस्टर, म्हणजे त्या खिळीचा मागचा कल, कमी होतो. हा कॅस्टर म्हणजे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची आणि सरळ रस्त्यावर गाडी न भटकण्याची तजवीज. आम्ही काम सुरू करण्यापूर्वीच किंगपिनच्या वरच्या टोपणावर डिजिटल कोनमापक ठेवून जुने माप लिहून ठेवले होते. किटचे शॅकल मूळपेक्षा २५ मिलिमीटर लांब होते; ते लावल्यावर कोन जवळजवळ दीड अंशाने घटला. पाट्याच्या दोन डोळ्यांमधले अंतर लक्षात घेतले तर गणितानेही तेवढेच येते. गाडी रंकाळ्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर हळू नेऊन पाहिली. वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग सोडले तर ते अर्ध्यावरच थांबत होते.

यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे पाटा आणि ॲक्सलची बैठक यांच्यामध्ये पाचर घालणे. पाचरीची जाड बाजू पुढे ठेवली की ॲक्सल मागे कलतो आणि कॅस्टर परत येतो. परंतु त्याच हालचालीत पुढच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचे पिनियन, जे मागे तोंड करून ट्रान्सफर केसकडे (चारही चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीकडे) पाहते, ते खाली झुकते, आणि आधीच उंचावलेल्या गाडीत त्या दोघांना जोडणाऱ्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन आणखी वाढतो. म्हणजे स्टिअरिंग सुधारायचे आणि फोर व्हील ड्राइव्हमध्ये शाफ्टची थरथर ओढवून घ्यायची. शिवाय पाचरी बहुधा ॲल्युमिनियमच्या मिळतात आणि त्या यू-बोल्टच्या दाबाखाली तडकलेल्या मिस्त्रींनी पाहिल्या आहेत. पोलादाच्या घेतल्या तरी सेंटर बोल्ट लांब लागतो. दोन चुकीच्या कोनांतून एक बरोबर कोन काढण्याचा हा खटाटोप मला पसंत नव्हता. आम्ही मूळ लांबीचे शॅकल परत लावले. कॅस्टर जुन्या मापावर आला, गाडीची उंची फक्त नव्या कमानीमुळे वाढली तेवढीच राहिली, आणि पाचरीची गरजच संपली.

या निर्णयामागे आणखी एक कारण होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. झिजलेल्या पाट्यांच्या जागी नवे पाटे घालणे ही दुरुस्ती आहे. गाडी मुद्दाम उंच करणे ही वेगळी गोष्ट आहे. माझ्या गाडीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी असते आणि दर वेळी तिला निरीक्षकासमोर उभे राहायचे असते. विमा कंपनीलाही अपघातानंतर विचारायला जागा ठेवायची नसेल, तर मूळ उंचीच्या आसपास राहणेच शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर प्रवासाची तपासणी, म्हणजे चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली गेल्यावर काय-काय ताणते आणि काय-काय आदळते ते पाहणे. एका बाजूचे पुढचे चाक लाकडी ओंडक्यांच्या थरावर चढवले आणि दुसऱ्या बाजूचा ॲक्सल मोकळा लोंबू दिला. लोंबणाऱ्या बाजूला पुढच्या ब्रेकचा रबरी होज सरळ रेषेत ताणला गेला होता. बोटाने दाबला तर वीणेच्या तारेसारखा घट्ट लागत होता. त्यावर स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवले तर तो फिटिंगमधूनच निघण्याची भीती होती. होजची ब्रॅकेट वाकवून खाली आणणे हा तात्पुरता इलाज अनेक जण करतात. आम्ही योग्य मानकाचा शिक्का असलेले लांब होज लावून ब्रेक ब्लीड केले, म्हणजे त्यांतली हवा काढली. दुसऱ्या टोकाला, चाक वर दाबले असताना, किटचे शॉकॅब ॲक्सल बंप स्टॉपला टेकण्याआधीच आत संपत होते. तसे ठेवले तर गाडीचा सगळा आघात शॉकॅबच्या दांड्यावर आणि चासीवरच्या त्याच्या खिळीवर येतो, आणि चासीची ती खिळी तुटणे म्हणजे वेल्डिंगचे मोठे काम. शॉकॅब बदलून मागावेत की बंप स्टॉप खाली आणावा, यावर थोडा विचार केला. शेवटी चासी आणि बंप स्टॉप यांच्यामध्ये २० मिलिमीटरचा पोलादी ठोकळा घातला, कारण शॉकॅबची ताकद पॅराबोलिक पाट्यांना साजेशी होती आणि ती गमवायची नव्हती. आता ॲक्सल आधी रबरावर टेकतो आणि तेव्हा शॉकॅबमध्ये बोटभर जागा शिल्लक असते.

अलाइनमेंटच्या दुकानात जिप्सीचा फक्त टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूला असलेला कल) बदलता येतो. कॅम्बर (चाकाचा उभा तिरकेपणा) आणि कॅस्टर हे अखंड ॲक्सलच्या घडणीतच ठरलेले असतात. गाडी थोडी उंचावल्याने ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) उतार वाढला होता आणि सरळ चालताना हातातले स्टिअरिंग तिरके राहत होते. ते लिंकच्या टोकाचे लॉक नट सोडून, लिंकची लांबी बदलून सरळ केले. स्टिअरिंगच काढून दुसऱ्या खाचेत बसवण्याची सूचना तिथल्या मुलाने केली होती. तसे केले असते तर ते सरळ दिसले असते, पण स्टिअरिंग बॉक्सचा मध्य सरकलेलाच राहिला असता आणि एका बाजूला वळण कमी मिळाले असते. मागच्या ॲक्सलचा तिरकेपणा मशीनने शून्याच्या जवळ दाखवला आणि खडूच्या खुणांवर विसंबण्यात आमचे काही चुकले नव्हते याची खात्री पटली.

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट पुन्हा तपासणे अत्यावश्यक असते, कारण पाट्यांवरचा रंग आणि त्यांची बैठक दबून जुडी किंचित पातळ होते. गगनबावड्याला आणि पुढे करूळ घाटातून वैभववाडीपर्यंत जाऊन आल्यावर आम्ही गाडी पुन्हा उद्यमनगरात घेतली. मागच्या दोन्ही बाजूंचे नट जवळजवळ पाव फेरा फिरले, पुढचे त्याहून कमी. त्यानंतरच्या तपासणीत एकही हलला नाही. खडीच्या रस्त्यावर पूर्वी दात एकमेकांवर आपटत, तिथे आता मागे बसलेली माझी आई झोपते. पावसाळा संपून धूळ सुरू झाली की पीयू बुश करकरू लागतात. शॅकलचे बोल्ट सैल करून, बुश काढून सिलिकॉन ग्रीस लावले की आवाज पुढच्या हंगामापर्यंत थांबतो. लेथवर केलेल्या नळ्यांवर अजून झीज दिसलेली नाही, आणि किटसोबत आलेले यू-बोल्ट दुसऱ्या कुणी उचलून लावू नयेत म्हणून मिस्त्रींनी कापून भंगारात टाकले.